साठ फुटी टॉवर आणि वहिनींचं ‘नको’

वाचकाचं पत्र: मी साताऱ्यात गोडोलीला राहतो. कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झालो. परीक्षा देऊन हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओ प्रसारणाचा परवाना काढला, व्हीयू३ नं सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं ओळखनाव मिळालंय. मुलानं रेडिओ घेऊन दिला. आता गच्चीवर साठ फुटी टॉवर उभारून वर यागी (एका दिशेला रोखून बोलणारी) अँटेना बसवायची इच्छा आहे. ओळखीचा एक वेल्डर दीड इंची अँगलचा टॉवर ऐंशी हजारांत करून देतो म्हणतोय, उभाही तोच करणार. पण पत्नीचा ठाम विरोध आहे. “डोक्यावर एवढं लोखंड घेऊन मला झोप लागायची नाही,” म्हणते. शेजारचे अण्णा म्हणतात, टॉवरमुळे वीज आमच्या घरावर पडेल, शिवाय रेडिएशन. प्लॉट चाळीस बाय साठ फूट, घर दुमजली, वर जिन्याची खोली. टॉवर किती उंच घ्यावा, विजेचं काय करावं आणि या दोघांची समजूत कशी घालावी?

सर, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे दोन त्यातच अडकलेत. वहिनींची समजूत घालायच्या भानगडीत पडू नका. गच्चीवर साठ फुटी टॉवर नको हे त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे, आणि त्यांनी ते कुठलंही गणित न मांडता सांगितलंय. तुम्ही गणित मांडलंत तरी त्याच उत्तराला याल. फक्त वेल्डरच्या हातात ॲडव्हान्स ठेवायच्या आधी मांडा.

दीड इंची अँगलचा साठ फूट टॉवर स्वतःच्या बळावर उभा राहत नाही, त्याला तीन बाजूंनी ताण द्यावे लागतात. विजेच्या खांबाला तिरकी स्टे वायर असते ना, तशाच, १२० अंशांवर तीन, आणि उंचीत दोन-तीन टप्प्यांवर. या वायरी जिथे जमिनीत बांधायच्या ती जागा टॉवरच्या पायापासून उंचीच्या निदान ६० टक्के, खरं तर ८० टक्के लांब हवी. साठ फुटाला म्हणजे ३६ ते ४८ फूट. तुमचा प्लॉटच चाळीस फूट रुंद. मग वेल्डर काय करणार? गच्चीच्या कठड्याला बांधणार. कठडा असतो चार किंवा नऊ इंची विटांचा. तो माणूस खाली पडू नये म्हणून बांधलेला असतो, कुणी बाजूनं ओढावं म्हणून नव्हे. तुमच्या वेल्डरनं ताणांचा विषय काढला का, ते पत्रात नाही. नसेल काढला तर तेवढ्यावरूनच काय ते समजा.

आता वारा. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचे आकडे दिलेत. त्यात जवळच्या पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. दाब निघतो ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. हे तुम्हाला मी काय शिकवणार! उत्तर येतं चौरस मीटरला सुमारे ९१० न्यूटन, आपल्या भाषेत ९३ किलो. यागीचं वाऱ्याला भिडणारं क्षेत्र अर्धा चौरस मीटर धरा, म्हणजे टोकाला ४५ किलोचा आडवा रेटा. तो १८ मीटरच्या तरफेवर बुंध्याशी, किलो गुणिले मीटर केलं तर, आठशेच्या वर जातो, आणि यात टॉवरच्या स्वतःच्या अंगावर बसणारा वारा अजून धरलेलाच नाही. शिवाय गच्चीवरचे साठ म्हणजे जमिनीपासून ब्याऐंशी. साताऱ्याच्या वाऱ्याबद्दल कुणाला शंका असेल तर त्यानं चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन यावं. तिथे एवढ्या पवनचक्क्या काही देखाव्यासाठी लावलेल्या नाहीत.

हे सगळं मी शहाणपणानं सांगतोय असं समजू नका. माझा स्वतःचा टॉवर पडलेला आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी सांगलीत, घरामागच्या मोकळ्या जागेत मी चाळीस फुटी टॉवर उभा केला होता. जमिनीवर, ताण योग्य अंतरावर, काँक्रीटला रोज दोनदा पाणी मारून. सगळं पुस्तकाबरहुकूम. पण आमच्याकडची काळी माती. पावसाळ्यात ती फुगते आणि एप्रिल-मेमध्ये तळहात जाईल एवढ्या भेगा पडतात. एका अँकरचा, म्हणजे वायर जमिनीत जिथे बांधतात तो ठोकळा त्या भेगांबरोबर बोटभर सरकला. ताण सैल झाला. सैल वायर वाऱ्यात थरथरते, आणि ती थरथर टर्नबकलमध्ये उतरते. टर्नबकल म्हणजे दोन्ही टोकांना उलटसुलट आटे असलेला ताण आवळायचा सांगाडा. तो फिरवून आपण वायर घट्ट करतो, आणि थरथरीनं तो स्वतःच उलटा फिरत सुटतो. दिवसाला पाव आटा, अर्धा आटा. आठवडाभर पाहिलं तरी डोळ्याला काही कळत नाही. यासाठी टर्नबकलच्या पोटातून आणि दोन्ही टोकांच्या कड्यांतून एक तार आठच्या आकड्यासारखी ओवून पीळ मारायचा असतो, म्हणजे सांगाडा फिरूच शकत नाही. पाच रुपयांची तार. मी दोन टर्नबकलना ओवली होती, तिसऱ्याच्या वेळी तार संपली आणि “उद्या आणू” म्हणालो. तो उद्या चौदा महिने आला नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळीव आला. आधी धूळ, मग वारा, आणि पहिला थेंब पडायच्या आत टॉवर शेजाऱ्यांच्या शेवग्यावर आडवा. शेवगा किती ठिसूळ हे सगळ्यांना ठाऊक आहे, तोही सोबत आडवा झाला. नशीब एवढंच की त्या घरचा नातू पाच मिनिटांपूर्वी त्याच झाडाखालून सायकल घेऊन आत गेला होता. नंतर पाहिलं तर टर्नबकलच्या एका बाजूच्या आट्यांवर माझं ग्रीस होतं तसं होतं, आणि दुसरी बाजू पूर्ण रिकामी, बोल्ट बाहेर पडलेला. दोन्ही घरांत आठवडाभर शेंगांची आमटी झाली. बाकीचे शेजारी आजही चेष्टा करतात, पण त्या संध्याकाळी कुणी चेष्टा करत नव्हतं.

म्हणून माझं मत असं झालंय: जेवढं स्वतःच्या हातानं खाली उतरवून पाहता येतं तेवढंच वर चढवावं. तुमच्या बाबतीत ते साठ फूट नाही. पण चाळीस आहे, आणि त्यातले तीस तुमच्या घरानं आधीच दिलेत.

कसे ते सांगतो. जोतं धरून तुमची गच्ची बावीस फुटांच्या आसपास असणार, वर जिन्याची खोली आठ फूट, म्हणजे तीस. जिन्याच्या खोलीच्या भिंतीला दोन इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा लावा, बी क्लासचा, म्हणजे मध्यम जाडीचा, वीस फुटी लांबी जशी दुकानात मिळते तशी. खालचे सात फूट दोन ब्रॅकेटमध्ये पकडलेले, वरचे तेरा मोकळे. टोक जमिनीपासून बेचाळीस फुटांवर गेलं. ब्रॅकेट मात्र विटेत फास्टनर ठोकून बसवू नका. एक तर काँक्रीटच्या कॉलममध्ये घ्या, नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट आणि आतून पोलादी पट्टी. गवंड्याला ओळंबा धरायला सांगा. पाइप जरासा कलला तरी पुढे सगळा भार एकाच बोल्टवर येतो. पाइपचं वजन जेमतेम तीस किलो. तुमच्या गच्चीवरची भरलेली पाण्याची टाकी याच्या कितीतरी पट जड आहे, आणि तिच्याखाली वहिनी रोज शांत झोपतात. हे सांगून पाहा. साठ फुटी टॉवरबद्दल त्यांचं बरोबर होतं, या पाइपबद्दल त्या ऐकतील असं वाटतं.

पाइपच्या टोकाला वेल्डिंग करून कडं, कड्यात चांगली कप्पी, कप्पीतून दोरी खाली गच्चीपर्यंत. अँटेना या दोरीवर चढणार आणि याच दोरीवर उतरणार. तुम्हाला एकदाही वर चढावं लागणार नाही. दोरी पॉलिएस्टरची घ्या. पिवळी-निळी प्लॅस्टिकची दोरी आपल्या उन्हात एक-दोन उन्हाळ्यांत भुसभुशीत होते आणि हाताला कुसळं लागतात.

अँटेना कुठली? तारेचा साधा डायपोल, इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मध्य उंच आणि दोन्ही पाय खाली उतरते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी लांबी काढायची तर ४६८ भागिले ७.१, आले ६६ फूट, म्हणजे एकेक पाय ३३ फूट. तुम्ही मात्र ३४ फुटी कापा. जास्तीची तार दुमडून ठेवता येते, कमी पडलेली जोडताना जिवावर येतं. प्लॉटच्या कर्णावर ती लावा. चाळीस बाय साठचा कर्ण बहात्तर फूट, त्यामुळे दोन्ही पाय कंपाउंडच्या आत राहतील. विरुद्ध कोपऱ्यांत पंधरा फुटी पाइप किंवा नारळ असेल तर नारळ, आणि तारेच्या टोकापासून तिथपर्यंत दोरी. झाडाला बांधलंत तर दोरी थेट गाठ मारून बांधू नका. छोट्या कप्पीवरून घेऊन खाली वाळू भरलेली पाण्याची बाटली टांगा. झाड हललं की बाटली वर-खाली होईल, तार तुटणार नाही. तार गच्चीवरून जाताना कपडे वाळत घालणाऱ्याचा हात पोचणार नाही एवढी वर हवी. मी काढलेल्या आकड्यांत कठड्याशी ती गच्चीच्या फरशीपासून सुमारे आठ फूट राहते, तरी स्वतः मोजा. डायपोलच्या टोकांवर विजेचा दाब जास्त असतो, प्रसारण चालू असताना हात लागला तर चांगलाच चटका बसतो.

मध्यावर कोॲक्स (रेडिओकडून अँटेनाला जाणारी केबल) जोडताना फेराइटच्या, म्हणजे चुंबकीय पदार्थाच्या मोठ्या रिंगवर त्याच कोॲक्सचे दहा-बारा वेढे घ्या, म्हणजे केबलच्या बाहेरून लहरी घरात परत येत नाहीत. रेडिओला हात लावल्यावर ओठांना मुंग्या येणं, शेजाऱ्याच्या स्पीकरमधून तुमचा आवाज येणं, यातले बरेच प्रकार या एका रिंगनं थांबतात.

आता तुम्ही म्हणाल, कुठे साठ फुटांवरची यागी आणि कुठे ही तार. पण सर, तुम्हाला बोलायचंय कुणाशी? पत्रात ते लिहिलेलं नाही, तरी नव्या माणसाला पहिली दोन वर्षं मुंबई, पुणे, बेळगाव, हैदराबाद, नागपूर हेच ऐकायचं असतं. ४० मीटर बँडवर, म्हणजे याच ७ मेगाहर्ट्झला, तार तरंगलांबीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढ्या उंचीवर असली की तिची बरीच ताकद जवळजवळ सरळ वर जाते, आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आदळून छत्रीसारखी खाली येते आणि दिवसा आसपासच्या तीन-चारशे किलोमीटरांत छान पसरते. तुमचे बेचाळीस फूट म्हणजे १३ मीटर, तरंगलांबीचा जवळपास तिसरा हिस्सा. अगदी हवी तेवढीच उंची. ती दुप्पट केलीत तर लांबचे देश वाढतील, पण कोल्हापूरचा माणूस क्षीण होईल. रात्री हीच तार परदेशही ऐकवते, सुरुवातीला तेवढं पुष्कळ आहे.

यागीचं आकर्षण मला कळतं. जपानच्या उडा आणि यागी या दोघांनी १९२६ च्या सुमारास ती मांडली आणि पुढे दूरदर्शनच्या काळात आपल्या प्रत्येक कौलावर तिची धाकटी बहीण उभी होती. एका दिशेला रोखून बोलायची तिची ताकद खरी आहे. पण ती फिरवायला रोटर लागतो, रोटर बिघडला की वर माणूस लागतो, आणि तो माणूस निवृत्तीनंतरच्या वयात तुम्ही असू नये. वर चढायचंच झालं तर अंगभर बांधायचा सेफ्टी हार्नेस आणि दोन हुक, एक सोडायच्या आधी दुसरा अडकवलेला. कमरेला दोर बांधून चढणारे बहाद्दर मी पाहिलेत. त्यांच्यातल्या एकाला आम्ही खाली उतरवलं तेव्हा तो बेशुद्ध होता, तोल गेल्यावर दहा मिनिटं नुसता कमरेवर लटकला होता म्हणून.

१४५ मेगाहर्ट्झवर मात्र उंची लागतेच, कारण तिथे लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि साताऱ्याला चहूबाजूंनी डोंगर. पण उंची विकत घ्यायची गरज काय, ती गावाला लागूनच फुकट आहे. अजिंक्यताऱ्यावर टीव्हीचा टॉवर उगाच नाही. हातातला छोटा सेट घेऊन यवतेश्वरच्या घाटात एखाद्या संध्याकाळी नुसतं ऐकायला जा, घरच्या कुठल्याही टॉवरपेक्षा लांब ऐकू येईल. घरी याच पाइपवर एक छोटी उभी अँटेना लावता येईल, तिच्यासाठी केबल आरजी-२१३ घ्या. बारीक आरजी-५८ शंभर फूट टाकलीत तर या फ्रिक्वेन्सीला सुमारे ६ डेसिबल जातात, म्हणजे पन्नास वॅटमधले बारा-तेराच वर पोचतात. ७ मेगाहर्ट्झला मात्र आरजी-५८ चालते, उगाच जाड केबलवर पैसे घालू नका.

विजेबद्दल अण्णांचं अर्धं बरोबर आहे. उंच धातूवर वीज पडायची शक्यता वाढते, पण ती तुमच्या धातूवर, त्यांच्या घरावर नव्हे. लांबच्या ढगातली वीज टॉवर ओढून घेत नाही. पण तुमच्या पाइपवर पडलेली वीज नीट जमिनीत गेली नाही तर ती वाटेल तिथे उडी मारते, त्यात त्यांची केबल टीव्हीची वायरही आली. तेव्हा अण्णांना समजावण्यापेक्षा त्यांना अर्थिंगचा खड्डा दाखवा. साताऱ्यात कुदळीला लवकर मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो. दहा फुटी सळई सरळ खाली गेली तर उत्तमच, नाही गेली तर तीन-चार छोट्या सळया एकमेकींपासून सळईच्या लांबीपेक्षा कमी अंतर न ठेवता गाडा आणि दीड-दोन फूट खोल पुरलेल्या जीआय पट्टीनं जोडा. पाइपपासून खाली येणारी पट्टी सरळ असू द्या, काटकोनात वळवू नका, हळुवार वळण द्या. आणि हे सगळं घराच्या मीटरच्या अर्थिंगला जोडलेलं हवं. दोन वेगळे अर्थ ठेवले की वीज पडताना दोघांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो नेमका तुमच्या रेडिओतून वाट काढतो. गॅल्वनाइज्ड पाइपवर तांब्याची तार थेट आवळू नका, पावसात जस्त खाऊन टाकते. जस्त चढवलेली पट्टी किंवा स्टेनलेसचा क्लॅम्प वापरा.

एवढं करूनही थेट वीज पडली तर हजारो अँपिअर जातात, आणि रेडिओ वाचेल असं मी तरी कुणाला सांगत नाही. वाचवायचा मार्ग एकच, केबल काढून ठेवणं. काढलेलं टोक टेबलावर पडू देऊ नका, खिडकीबाहेर ठेवा. एप्रिलपासून जूनपर्यंत मी रेडिओ बंद केला की केबल बाहेर टाकतोच, आभाळ स्वच्छ असलं तरी. वळीव दुपारी सांगून येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी नावाचं ॲप आहे, आसपास वीज पडत असली की ते सांगतं. ते मोबाइलमध्ये असू द्या, अण्णांच्याही मोबाइलमध्ये घालून द्या.

रेडिएशनचं म्हणाल तर पन्नास वॅट, तेही बोलत असताना, घराच्या वर. अण्णांना एक संध्याकाळ चहाला बोलवा, रेडिओ दाखवा आणि त्यांच्या घरी टीव्ही चालू ठेवायला सांगून इकडून प्रसारण करा. टीव्हीत काही झालंच तर फेराइटचे दोन क्लिप घेऊन तुम्ही स्वतः जा आणि त्यांच्या केबलवर लावा. मी दोन शेजारी असेच जिंकलेत. तिसरे अजून बोलत नाहीत, पण ते शेवग्यामुळे. कुठलीही तार किंवा दोरी कंपाउंडबाहेर जाऊ देऊ नका.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही आणि मला तिचीच सगळ्यांत जास्त काळजी वाटते. प्लॉटजवळून महावितरणची लाइन जाते का? ११ केव्हीची असो वा घरगुती. वीस फुटी पाइप हातात उभा धरून गच्चीवर वळताना माणसाचं लक्ष टोकाकडे नसतं. पाइप आणि त्याच्याबरोबर तार कुठल्याही बाजूला पडली तरी लाइनपासून निदान दहा फूट लांब राहिली पाहिजे. राहत नसेल तर जागा बदला, आणि तेही जमत नसेल तर हा विचारच सोडा. ११ केव्हीच्या तारेला पाइप थेट लागायचीही गरज नसते.

परवान्याबाबत थोडकं: तुमचं स्टेशन परवान्यातल्या पत्त्यावरच असायला हवं, १९७८ च्या हौशी सेवेच्या नियमांपासून तसंच चालत आलंय. टॉवरच्या उंचीसाठी दूरसंचार विभागाच्या साकफा (रेडिओ लहरींच्या वाटपावर सल्ला देणाऱ्या) समितीची मंजुरी आणि विमानतळाच्या आसपास उंचीची मर्यादा असे विषय असतात. तुमच्या जिल्ह्यात कराडला धावपट्टी आहे. घराला लावलेल्या पाइपला यातलं काय लागतं ते काम सुरू करायच्या आधी लेखी विचारून घ्या. नगरपालिकेतही एक चक्कर मारा, पुढे अण्णांनी अर्ज केलाच तर तुमचा आधीच गेलेला असेल.

देखभालीचं अगदी थोडं काम आहे, पण ठरलेल्या दिवशी करा. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि दिवाळीनंतर. दोरी सोडून अँटेना खाली घ्या, जोड उघडा, तांब्याला हिरवं दिसतंय का बघा. कोॲक्सचा वरचा जोड हे पाण्याचं दार असतं. एकदा रेडिओमागचा कनेक्टर काढला तर माझ्या बोटांवर पाणी आलं. वरून शिरलेलं पावसाचं पाणी पन्नास फूट केबलमधून थेट टेबलापर्यंत पोचलं होतं. केबल सोलली तर आतली जाळी काळीठिक्कर, चहाच्या गाळण्यासारखी. जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप आणि तिच्यावर साधी टेप, खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे कौलासारखा वरचा थर खालच्यावर येईल. घरात शिरायच्या आधी केबल खाली झुकवून एक झोळ द्या, पाणी तिथे ठिबकून जातं. पाइपच्या टोकाला टोपी आणि बुंध्याशी बारीक भोक, नाहीतर तो आतून गंजतो आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो. हातोडीनं हलकं ठोकून ऐका. चांगला पाइप घंटेसारखा वाजतो, गंजका बद्द करतो. ब्रॅकेटचे बोल्ट पान्यानं तपासा.

शिवाय पहिल्या दिवसाचा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत येते त्याचं माप) ७.०, ७.१ आणि ७.२ ला मोजून तारखेसह भिंतीवर लिहून ठेवा. माझ्याकडे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला अठरा वर्षांचे आकडे आहेत. आकडा बदलला की वर काहीतरी बदललंय, बहुतेक वेळा पाणी, एकदा वानर. वानरांचा उपद्रव तुमच्याकडेही असेल, तारेला झोका घ्यायला त्यांना फार आवडतं. बाटलीवाली कप्पी त्यातही कामाला येते.

वेल्डरला नाही म्हणताना अवघडल्यासारखं वाटत असेल तर ब्रॅकेट, कडं आणि कोपऱ्यातले दोन पाइप त्याच्याकडूनच करून घ्या. उरलेल्या पैशांत एक चांगला अँटेना ॲनलायझर, म्हणजे अँटेना तपासायचं यंत्र येईल, भौतिकशास्त्राच्या माणसाला त्यात टॉवरपेक्षा जास्त मजा आहे. तार कापायचा दिवस रविवारचा ठेवा आणि कप्पीची दोरी ओढायला वहिनींना बोलवा, एका माणसाचं ते काम नाही. वर गेली की सकाळी सात ते आठ मी ७ मेगाहर्ट्झवर असतो, सांगलीहून. पहिल्यांदा आवाज नाही आला तर पाय सहा इंचांनी दुमडा आणि परत बोलवा.

७३, म्हणजे आम्हा हॅम लोकांच्या भाषेत शुभेच्छा.